पगडी देण्याआधी

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा एका जुम्याला नमाजनंतर घरी आला. चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाला, "मामू, फोर्टमध्ये ऑफिसला जागा मिळतेय. अम्मीला तुम्हीच समजवा."

अंबरनाथच्या घराच्या पोटमाळ्यावर तीन मुलांनी मिळून डिझाइनचं काम सुरू केलं, त्याला चार वर्षं झाली. एक आमचा भाचा, दुसरा उल्हासनगरचा त्याचा सिंधी मित्र आणि तिसरी बदलापूरची एक मुलगी. उर्दू आणि मराठी अक्षरं ती हातानं फार सुंदर काढते. निकाहच्या पत्रिका, मसाल्याची पाकिटं आणि सगळ्यांत जास्त उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांची लेबलं, असं त्यांचं काम. अल्लाहच्या मेहेरबानीनं काम वाढलं, पण पोटमाळा काही वाढेना. गिऱ्हाईक आलं की आमची बहीण स्वयंपाकघरात अडकून पडायची. जागा हवी होती, यात वाद नव्हता. वाद होता तो पैशांचा. खोलीची पगडी २२ लाख आणि भाडं महिना फक्त ९०० रुपये. मुलांकडं होते ते थोडे, बँकेचं कर्ज मिळेल ते, आणि उरलेल्यासाठी बहिणीचे दागिने व हजसाठी साठवलेली रक्कम.

खोली पाहायला आम्ही सोबत गेलो. तिसरा मजला, लाकडी जिना, उंच छत, रस्त्याकडं मोठी खिडकी. आधीचे भाडेकरू छपाईचे ब्लॉक करायचे, भिंतीच्या कडेला शाईचे डाग अजून होते. खरं सांगायचं तर आम्हीही भुललो. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातून मुंबईत आले, तेव्हा एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत अशाच कामावर पोट भरत होते आणि उरल्या वेळात चित्रं काढत होते. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले, पुढचं जगाला ठाऊक आहे. भाच्यानं हे नाव घेतलं आणि आम्ही गप्प झालो. परतीच्या गाडीत मात्र आठवलं, की रझासाहेब तिथं नोकरी करत होते, पगडी त्यांनी भरली नव्हती.

पगडी म्हणजे नेमकं काय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पगडी भरून आपण मालक होत नाही, भाडेकरूच राहतो. जुना भाडेकरू आपला हक्क सोडतो, त्याचे पैसे घेतो आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा घरमालकाला देण्याचा रिवाज आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली हा व्यवहार गुन्हा होता, म्हणून तो चोरून चाले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तो उघडपणे करायला मुभा दिली. पण करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. इथं मात्र दलाल म्हणत होता, "अर्धी रक्कम रोख द्या, कागदाचं नंतर पाहू." घरमालकाची संमती आहे का, असं विचारल्यावर तो हसला.

शरीअतचा प्रश्नही होताच. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीनं फेब्रुवारी १९८८ मध्ये याच विषयावर ठराव केला आहे. भाडेकराराची मुदत शिल्लक असेल, तर मूळ करार आणि देशाचा कायदा पाळून एका भाडेकरूनं दुसऱ्याकडून रक्कम घेणं जायज धरलं आहे. मुदत संपल्यावर तशी रक्कम घेणं जायज नाही. आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावंच. पण त्यांच्यासमोर ठेवायला कागद तर हवा! आमच्या हातात तोच नव्हता.

आणि इमारत? काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन घ्या. पूर्वीचं हे वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथं आणून जोडलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा तिथंच दाखवली गेली. पुढं हॉटेल बंद पडलं, आत पार्टिशनं टाकून लहान लहान खोल्या झाल्या, हायकोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं थाटली. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून अख्खी इमारत रिकामी केली. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगलीच्या एका खटल्यात म्हटलं आहे. हक्क राहतो, पण टेबल-खुर्च्या मांडायच्या कुठं? गिऱ्हाईक काही निकालाची वाट पाहत बसत नाही.

भाच्याला हे सगळं पटलं असं नाही. त्याचं म्हणणं, "फोर्टचा पत्ता कार्डावर असला की समोरचा दर पाडून मागत नाही." यात तथ्य आहे. आम्हालाही उत्तर सुचलं नाही. बदलापूरच्या मुलीनं मात्र हिशोब मांडला. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर, जाऊन येऊन रोजचे तीन तास गाडीत. "आणि आपली लेबलं शिवणारे कारखाने तर उल्हासनगरात. मग आपण उलट्या दिशेला का जातोय?"

तेव्हा सिंधी मित्रानं आपल्या आजोबांच्या बराकीतली पुढची खोली सुचवली. ऐतिहासिक इमारत हवी, तर ही काय कमी आहे? दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेला हा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून उजडून आलेली कुटुंबं इथं उतरली. एकेका बराकीत कितीतरी घरं, मध्ये भिंत म्हणून गोणपाट नाहीतर साडी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. आज फार थोड्या बराकी मूळ रूपात उरल्या आहेत.

म्हणून तपासणीत सूट दिली नाही. २०२१ च्या मे महिन्यात याच शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, ते कोण विसरेल? आमच्या ओळखीच्या इंजिनिअरनं भिंती आणि छताच्या कैच्या पाहिल्या, दोन कैच्या बदलायला लावल्या. आजोबांनी ट्रंकेतून जागेची सनद काढून दाखवली. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा केला आणि तोही नोंदवला. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा समज आपल्याकडं सर्रास आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे.

खोली छोटी आहे, उन्हाळ्यात पत्रे तापतात. आजोबा दुपारी खुर्ची टाकून दारात बसतात आणि निकाहच्या पत्रिकेतली उर्दू मोठ्यानं वाचून चुका काढतात. ते सिंधमध्ये शाळेत उर्दू शिकले होते. त्यांनी काढलेल्या दोन चुका आम्हालाही दिसल्या नव्हत्या.

बहिणीनं दागिने परत कपाटात ठेवले. हजच्या अर्जाचं विचारायला परवा तिचा फोन आला होता. भाच्यानं नवी कार्डं छापली आहेत. पत्त्यात कॅम्पचा आणि बराकीचा नंबर आहे, अक्षर बदलापूरच्या मुलीचं. एक कार्ड आम्हाला देताना तो म्हणाला, "मामू, फोर्ट अजून डोक्यातून गेलेलं नाही हं."