पंखे फिरतात, पडदा काळा

आम्ही सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला होता. ‘बाजी, पोरानं कॉम्प्युटर जोडलाय, पण पडद्यावर काहीच येत नाही. भिशीचे सगळे पैसे गेले बघ.’

भाचा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. तयार कॉम्प्युटर महाग पडतो म्हणून त्याने सुटे भाग आणून घरीच जोडणी केली. बापाला ते पसंत नव्हते. मगरिबनंतर आम्ही पोहोचलो तेव्हा डब्यातले पंखे फिरत होते, दिवे लागले होते, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे होती. भाचा म्हणाला, ‘खाला, दुकानदारानं मदरबोर्ड खराब दिलाय. उद्या त्याच्या तोंडावर मारतो.’ त्याचे अब्बा म्हणाले, ‘यानेच जाळला असेल.’ दोघांचेही निकाल तयार होते. तपासणी मात्र कोणीच केली नव्हती.

आम्ही काही इंजिनिअर नाही. पण शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीची किल्ली बरीच वर्षे आमच्याकडे आहे. तिथे एक नियम शिकलो : बाहेरून आत जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिला नंबर मॉनिटरचा. तीच केबल टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला लावली, चित्र आले. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही ठीक.

मग केबल कुठे लावली ते पाहिले. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ती नसते. भाच्याकडे रायझन ५६००जी होता. त्यात ती आहे, म्हणून कार्ड नसले तरी चालते.

आता डबा उघडायचा. त्याआधी प्लग काढला आणि चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मदरबोर्डला विजेच्या दोन केबली लागतात : एक २४ पिनांची मोठी आणि दुसरी प्रोसेसरजवळची, बहुधा ८ पिनांची. ही दुसरी राहून गेली तरी पंखे फिरतातच, आणि माणूस फसतो. भाच्याने ती नीट लावली होती. मान हलवून शाबासकी दिली, पोराचा चेहरा जरा उजळला.

पुन्हा चालू करून मदरबोर्डच्या कडेला पाहिले. बऱ्याच बोर्डांवर तिथे चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. मशीन जिथे अडते, तिथला दिवा जळत राहतो. इथे डीरॅमचा जळत होता. म्हणजे अडचण रॅमची.

प्लग काढून जवळून पाहिले. या बोर्डावर रॅमच्या खाचेला वरच्या टोकालाच खटका होता. तिकडे ‘खट्’ आवाज आला म्हणून भाचा थांबला, आणि दुसरे टोक केसभर वर राहिले. दोन्ही पट्ट्या काढल्या. एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत धरली. ‘दोन्ही टोकांवर अंगठे ठेव आणि सारखं दाब,’ आम्ही म्हणालो. घाबरत घाबरत त्याने दाबली.

बटण दाबले. पडदा काळाच. भाचा पुन्हा बटणाकडे हात नेऊ लागला, आम्ही धरला. पहिल्यांदा चालू होताना मशीन रॅमशी जुळवून घेते. डीडीआर५ रॅम असेल तर त्यात काही मिनिटेही जातात. थोड्या वेळाने कंपनीचे चिन्ह उमटले. बहीण स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आली. मग प्लग काढून दुसरी पट्टीही तशीच बसवली.

याने भागले नसते, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून परत लावला असता, म्हणजे आतली सेटिंग मूळपदावर येते. तरीही नाही, तर दुकान. प्रोसेसरच्या पिना वाकल्या असतील तर घरी सरळ करत बसू नये. आणि सगळे सुरळीत चालेपर्यंत खोके आणि बिले फेकू नयेत.

भाचा हळूच म्हणाला, ‘अब्बा, चूक माझीच होती.’ ते म्हणाले, ‘आणि मी जाळला म्हणालो.’ मग चहा झाला.

घरी येऊन उरलेले पेपर काढले. एका मुलाचे पहिले पान कोरे होते. शून्य लिहायला पेन टेकवले आणि थांबलो. पान उलटून पाहिले. उत्तरे मागच्या पानापासून सुरू होती.