आधी त्याला विचारा

आमच्या सातारा-सांगलीकडे दुखणे हाताबाहेर गेले की रोग्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारले जाते. थोरल्या भावाला विचारतात, जावयाला विचारतात, मुंबईच्या चुलत्याला फोन जातो. ज्याच्या तोंडात गाठ आहे तो ओसरीवर बसलेला असतो आणि त्याला सांगतात, "काही नाही, फोड आहे; बसेल." त्याचे कागद पिशवीत आणि पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर. या रीतीला आपण माया म्हणतो. मी म्हणायला तयार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे: कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल, तर नव्याने तपासला जाणारा एखादा उपचार घेशील का, हे त्या माणसाला विचारले पाहिजे. त्याने 'हो'च म्हणावे असे नाही. पण विचारले पाहिजे.

यावर लगेच उत्तर येते, "गरिबावर प्रयोग कशाला? सुखाने मरू द्या की!" हे बोलणारा बहुधा धडधाकट असतो. आणि प्रयोगाचे एवढे भय, तर आठवडी बाजारात मिळणाऱ्या पुडीचे काय? कुणी मुळी उगाळून देतो, कुणी राख देतो. रोगी मेला तर नोंद नाही, जगला तर जाहिरात. तिथे संमती कुणी मागत नाही, हिशेब कुणी ठेवीत नाही. म्हणून त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही! रीतसर चाचणीला मात्र २०१९ च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी लागते, रोग्याची संमती लागते, चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद असते. आणि नको वाटले त्या दिवशी रोगी बाहेर पडू शकतो.

तोंडाच्या कर्करोगाची ओळख आपल्या भागाला करून द्यायला नको. तंबाखू-चुना झाला, मिश्री झाली, गुटखा झाला. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा राज्याचे गृहमंत्री झाले आणि २०१५ साली याच रोगाने गेले. परळच्या टाटा रुग्णालयात डोके-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. निवोलुमॅब नावाचे औषध शरीराच्या रक्षक पेशींवरचा लगाम सैल करते, म्हणजे त्या रोगावर तुटून पडतात. पण पुरती मात्रा इतकी महाग, की सामान्य घराने नावही काढू नये. डॉक्टरांनी विचार केला, थोडक्यात भागते का ते पाहू. एरवी दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात. इथे तीन आठवड्यांना अवघे २० दिले, सोबत स्वस्त गोळ्या. कुणाला नुसत्या गोळ्या आणि कुणाला औषधही, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले ते शंभरात सोळा. औषधासह जगले ते त्रेचाळीस. तीव्र त्रासाचे प्रमाण वाढले नाही.

हे ज्ञान कुणी दिले? डॉक्टरांनी दिले, तसेच त्या १५१ माणसांनीही दिले. त्यांना कुणी तरी विचारले होते.

"पण शेवटी किती जगले? सरासरी पाहिली तर पावणेसात महिन्यांचे दहा महिने झाले, एवढेच ना?" हो, एवढेच. मी शाळामास्तर आहे. तीन महिने म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एक तिमाही. तेवढ्यात मुलीची परीक्षा होते, वारसाची नोंद होते, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा जुळते. माझ्या एका सहकाऱ्याला त्याचे दुखणे घरच्यांनी शेवटच्या महिन्यात सांगितले. कुणाचे किती देणे आहे ते सांगायला तो बसला, तोवर आवाज गेला होता. पाटीवर लिहून दाखवीत होता. त्याला आधी कळते तर तो कुठल्या चाचणीत गेला असता की नाही, मला माहीत नाही. पण ते ठरवण्याचा हक्क त्याचा होता आणि तो आपल्या माणसांनीच काढून घेतला.

खोटी आशा दाखवा, असे मी म्हणत नाही. पुष्कळ चाचण्या फसतात. नवे औषध आपल्या वाट्याला येईलच असेही नसते. तेही त्याला सांगा. वेदना शमवण्याचे औषध तर दोन्ही वाटांवर द्यायलाच हवे.

आता सरकारदरबारी दोन शब्द. देशातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद २००९ पासून सक्तीची आहे. ती नोंदवही कुणीही उघडून पाहावी. पण आहे इंग्रजीत! जतच्या किंवा माणच्या शेतकऱ्याने ती कशी वाचावी? तिचा मराठी गोषवारा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फळ्यावर लागला पाहिजे. टाटाच्या पुढाकाराने २०१२ पासून कर्करोग-रुग्णालयांचे देशव्यापी जाळे उभे राहिले आहे. त्यातून अधिकाधिक चाचण्या मिरजेला, कराडला याव्यात. रात्रीची एस.टी. धरून परळच्या फुटपाथवर पथारी टाकणे ही उपचाराची अट असू नये.

हे अशक्य आहे असे निदान आमच्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली, ती शाळा पोरांच्या दारी नेण्यासाठीच. पोरे शहरात येतील तेव्हा शिकतील, असे म्हणत ते बसले नाहीत. मरणाच्या दारातल्या माणसाला एवढाच न्याय हवा आहे: वाट त्याच्या दारापर्यंत आणा, आणि पाऊल टाकायचे की नाही ते त्याला ठरवू द्या.