वारसाची नोंद पासबुकातही करा



कळस भागात ऊस नोंदीला फिरताना आमचा विषय म्हणजे बेणं, लागण, खत-पाणी. पण गेल्या हंगामात एका वस्तीवर निराळंच काम निघालं. घरधनी जाऊन दोन वर्षं झालेली. मालकीणबाईंनी ट्रंकेतून पी. पी. एफ.चं पासबुक काढून पुढं ठेवलं. "साहेब, हे खातं आता पोराच्या नावानं चालवता येईल का?" नाही म्हणताना आम्हांलाच कसंसं झालं.

हे खातं १५ वर्षांचं, व्याज करमुक्त. खरं तर शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाहीच. आपला शेतकरी यात पैसे घालतो तो करासाठी नव्हे, बिलातले चार पैसे हाताला लागू नयेत म्हणून. पण खातेदार वारला की खातं तिथंच थांबतं. लागणीचा ऊस तुटल्यावर खोडवा राखता येतो, तसं इथं नाही. वारसाला त्यात भरणा करता येत नाही, की मुदत वाढवता येत नाही. पैसे काढून खातं बंदच करावं लागतं. मात्र १५ वर्षं पुरी झाली नसली तरी सगळी रक्कम मिळते, आणि पैसे हाती पडण्याच्या आदल्या महिन्याअखेरपर्यंत व्याजही मिळतं.

या बाईंच्या पासबुकात नॉमिनीचा रकाना कोरा होता. अशा वेळी ५ लाखांपर्यंतची रक्कम सहा महिन्यांनंतर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र वगैरे घेऊन देता येते. त्यावर गेली की कोर्टाचा वारस दाखला आणा. ७/१२वर वारस लावायला आपण तलाठ्याकडं दहा खेपा घालतो, आणि पासबुकात एक नाव लिहायचा मात्र कंटाळा!

दुसरी गोष्ट. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. गाडीवान ऊस काट्यावर आणतो, पण बिल निघतं ते नोंद ज्याच्या नावावर त्याचं. कंपनीच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा धाकट्या भावाचं नाव घातलं म्हणून बायको-पोरांचा हक्क जात नाही. पण भांडण मात्र लागतं. आमचं मत विचाराल तर पहिलं नाव बायकोचं घाला, आणि घातलंय हे तिला सांगा. एप्रिल २०२५ पासून नॉमिनी बदलायची ५० रुपये फीसुद्धा उठली आहे.

आपल्या कारखान्याच्या भागाचंही तेच. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सभासदामागं भाग नॉमिनीच्या नावे होतो. नॉमिनी नसेल तर वारस कोण ते संचालक मंडळाला ठरवावं लागतं. म्हणून ऊस नोंदीच्या वेळीच शेतकी खात्यानं हा प्रश्न विचारावा, असं आम्हांला वाटतं. "मरणाची भाषा कशाला?" असं कोणी म्हणेल. म्हणू द्या.

यंदा नोंदीला गट ऑफिसात याल तेव्हा ७/१२ बरोबर पासबुकही पिशवीत टाका. नाव कुणाचं आहे ते बसून वाचू.