गुऱ्हाळाची बदनामी

चर्चासत्र लांबले की समारोपाचा वक्ता हमखास म्हणतो, 'आता हे चर्चेचे गुऱ्हाळ आवरते घेऊ.' सभागृह हसते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, परीक्षणांत आणि वर्गांतही हा शब्द आता बहुधा निष्फळ बडबडीसाठीच येतो. या वापराविरुद्ध आम्हांला तक्रार नोंदवायची आहे. शब्दांनी अर्थ बदलू नयेत असा आमचा हट्ट नाही. तो कोणाच्या नजरेने बदलला, हे विचारण्याचा हक्क मात्र आम्ही सोडणार नाही.

गुऱ्हाळाच्या पोटात गूळ आहे, हे कळायला व्युत्पत्तिकोश उघडावा लागत नाही. चरकात ऊस गाळायचा, रस काहिलीत चढवायचा, चुलवाणाला चिपाडांचा जाळ द्यायचा, भेंडीचे पाणी घालून वर येणारी मळी काढत राहायचे. काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. घाई केली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळामागे ही जाण आहे.

मग यातून 'कंटाळवाणे बोलणे' कसे निघाले? आमचा तर्क असा : पूर्वी चरकाला जुंपलेले बैल तासन्‌तास त्याच रिंगणात फिरत आणि चरक करकरत राही. बांधावरून पाहणाऱ्याच्या पदरी पडले ते फेरे आणि आवाज. काहिलीपर्यंत तो गेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, रूपक साम्यावरच उभे असते. मान्य, पण येथे अर्धेच साम्य उचलले आहे. 'दळण' आणि 'काथ्याकूट' यांचेही तेच झाले. दळणातून पीठ निघते, कुटलेल्या काथ्याचा दोर होतो. व्यर्थ बोलण्याला नावे ठेवण्यासाठी आपण वेचून फलदायी कष्टांचीच नावे घेतली, हा योगायोग आम्हांला निरागस वाटत नाही. राबणाऱ्यांनीही थट्टेने हे शब्द असे वापरले असतील, परंतु त्यांना मूळ अर्थ ठाऊक होता. आजच्या विद्यार्थ्याला वाक्प्रचारांच्या यादीतून केवळ दुसरा अर्थ मिळतो. पन्हाळ्याकडच्या एखाद्या मुलाच्या घरी खरोखरीचे गुऱ्हाळ असते. त्याच्या घरच्या उद्योगाचे नाव म्हणजे वायफळपणा, हे त्याला मराठीच्या तासाला कळते. या अपमानाची दखल ना कोशकार घेतो, ना शिक्षक.

आमची मागणी माफक आहे. शिकवताना आधी काहील दाखवा, मग रूपक सांगा. आणि परिसंवाद खरोखरच निष्फळ ठरला असेल, तर त्याला निष्फळ परिसंवाद म्हणण्याचे धैर्य दाखवा. गुऱ्हाळातून निदान ढेप तरी बाहेर पडते.