कुलूपबंद अक्षरे

शिलालेखांवरील दुर्मीळ ग्रंथ जमविणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ते कुलूपबंद करणाऱ्यांशी आहे. फादर एडवर्ड कॅटिच हे शिकागोत पाट्या रंगविणारे कारागीर. पुढे ते धर्मगुरू झाले. रोममधील ट्राजन स्तंभावरील इ. स. ११३ च्या लेखाचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. रोमन अक्षरे प्रथम कुंचल्याने रेखली जात, छिन्नी मागून येई. अक्षरांच्या टोकांवरील आडव्या रेषाही कुंचल्याच्याच वळणातून आल्या, असे त्यांनी 'दि ओरिजिन ऑफ द सेरिफ' (१९६८) या ग्रंथात मांडले. हाताने गिरवून मिळविलेली ही विद्या होतकरू विद्यार्थ्याला नाकारून भाव चढण्याची वाट पाहणे, याला आम्ही ग्रंथप्रेम म्हणणार नाही. धन्याचे द्रव्य मातीत पुरणाऱ्या चाकराचा दाखला ग्रंथसंग्राहकांनाही लागू आहे.