दाण्याएवढे सैन्य

परवा आमच्या चिरंजीवांनी टेबलावरच्या लढाईसाठी राक्षसांची आणि बुटक्यांची फौज जमवण्याचा बेत जाहीर केला. प्रश्न एकच : सैनिक केवढा घ्यावा?

२८ मिलिमीटरचा देखणा. मिशीसुद्धा रंगवता येते. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर अशा फौजेला वळायलाही जागा नाही. ६ मिलिमीटरचा म्हणजे तांदळाचा दाणा! अख्खे रणांगण मावते. मधले माप १० मिलिमीटरचे. २००० साली निघालेला ‘वॉरमास्टर’ हा खेळ त्याच मापाचा. ४० बाय २० मिलिमीटरच्या पट्टीवर १५ शिपाई दाटीने उभे राहतात आणि खरी पलटण वाटते.

‘‘मग सहाचेच घे की!’’ मी म्हणालो.

‘‘नको, दहाचे. रंगवायला तुम्ही हवेत ना, बाबा!’’

मी मुकाट्याने चष्मा पुसला.