मुकाट बसायला कोणी सांगितलं?

स्टोइक या प्राचीन तत्त्वज्ञांवरचा आक्षेप ठरलेला आहे. जे आपल्या हाती नाही त्याची चिंता सोडा, असं ही मंडळी सांगतात. म्हणजे अन्याय झाला तरी मुकाट बसा. मार खाणाऱ्याला शहाणा म्हणून गौरवणारं हे तत्त्वज्ञान मारणाऱ्याच्याच सोयीचं. आक्षेपात थोडं तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. त्यांच्यातला एपिक्टेटस स्वतः रोममध्ये गुलाम होता, पायाने अधू होता. पण सुटका झाल्यावरही गुलामगिरी मोडून काढा असं काही तो म्हणाला नाही. ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

पण याच एपिक्टेटसने निकोपोलिसच्या आपल्या शाळेत शिष्यांपुढे आदर्श म्हणून कोणाला उभं केलं? हेल्व्हिडियस प्रिस्कस या सिनेटरला. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सभेला न येण्याचा निरोप धाडला. सभासदत्व काढून घेणं सम्राटाच्या हाती आहे, पण ते आहे तोवर आपल्याला यावंच लागेल, असं त्याने कळवलं. मग निदान गप्प राहा, अशी सूचना आली. त्यावर त्याचं म्हणणं, की मत विचारू नये म्हणजे झालं. विचारलं तर योग्य वाटेल ते बोलावं लागेल. शेवटी जिवाची धमकी. तेव्हा, आपण अमर आहोत असं आपण कधी म्हणालो होतो, एवढंच त्याने विचारलं. पुढे त्याला हद्दपार करून ठार मारलं गेलं. त्याचा सासरा थ्रासियाही त्याच पंथातला. इ. स. 59 मध्ये नीरोने आईचा खून करवला आणि सिनेट त्याचं अभिनंदन करू लागली, तेव्हा हा उठून बाहेर पडला. इ. स. 66 मध्ये त्याला त्याची किंमत मोजावी लागली.

यात मुकाट बसणं कुठे आहे? काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, याची एपिक्टेटसची यादी आक्षेपक अर्धीच वाचतात. जीव, पद, निकाल हाती नाहीत. पण आपलं मत, आपला नकार आणि आपली कृती हाती आहे. जीव हिशेबातून वजा झाला की धमकीला धरायला काही उरत नाही.

वाढीव टार्गेट देऊन वर ‘ताण तुमच्या मनात असतो’ म्हणणारे साहेबही हल्ली स्टोइकांचं नाव घेतात. त्यांनीही अर्धीच यादी वाचली आहे. टार्गेटला नाही म्हणणं दुसऱ्या अर्ध्या भागात येतं, साहेब!

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दुरुस्तीच्या हिशेबावर मी दोन वर्षं गप्प होतो. विरोध करून काय होणार, ठराव तर मंजूरच होणार, असं स्वतःला सांगत होतो, आणि त्याला समंजसपणा म्हणत होतो. यंदा उभा राहिलो, विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावला. ठराव मंजूर झाला. सेक्रेटरी अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.